वायर घरी, स्क्रीन गाडीत

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर प्रतिसादांत माझं डोकं खायला नको. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचत आलेय, पण ते रविवारी दुपारी हसायला. पिंपळाखालची बाई, मागून हाक मारणारा माणूस... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघांनी मिळून खिदळायचं. आता तुम्ही मला हसा, माझी काही हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

मी मूळची नागपूरची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथल्याच एका मराठी घरात लग्न करून बसले. सासर जयनगरचं, दोन पिढ्या इथे मुरलेलं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, काही वर्षांपूर्वी गेले. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांच्या मराठीत कानडी ‘सरी’ म्हणजे बरं आणि ‘स्वल्प’ म्हणजे जरा, हे इतकं मिसळलंय की पहिल्या वर्षी मला अर्धं कळायचं नाही. माझं स्वतःचं काम हार्डवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंचे हाल करायचे, त्या कुठे बंद पडतात ते बघायचं आणि का बंद पडल्या ते सांगायचं. ‘आपोआप झालं’ असं कुणी म्हटलं तर मी त्याला खोलीबाहेर काढते. तर असा माझा स्वभाव.

गेल्या वर्षी दिवाळीला गाडीने नागपूरला जायचं ठरलं होतं. एवढा लांबचा रस्ता, आणि मागे आमची कन्या इरा, वय वर्षं आठ. तिचं ‘अजून किती राहिलं’ विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीच्या आधीच सुरू होतं. म्हणून मी पुढच्या दोन सीटच्या हेडरेस्टमागे लावायच्या दोन स्क्रीन मागवल्या. इथल्या शिवाजीनगरला एका दुकानात आधी विचारलं होतं. तो म्हणाला, सीटचं कव्हर थोडं कापावं लागेल मॅडम. मी म्हटलं, नको, मी घरीच लावते. त्यावर तो हसला. त्याच्या त्या हसण्यानेच माझं पक्कं झालं.

काम अवघड नाही, किचकट आहे. हेडरेस्टच्या दोन दांड्यांवर ब्रॅकेट कसायचं, त्याच्यावर स्क्रीन बसवायची. वीज घ्यायची डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधून. ती वायर दाराच्या पट्टीखालून मागे न्यायची, मग कार्पेटखालून सीटपर्यंत, आणि सीटच्या पाठीतून वर. वाटेत पिवळी पिन दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची असते. एवढं सांभाळलं तर कुणालाही जमेल.

माझा नवरा मंदार गाडीला टेकून चहा पीत बघत होता. मदत नाही, नुसतं बघणं. मला चिडवायचं असलं की तो माझीच नागपुरी वापरतो. म्हणाला, "काय बाप्पा, आईला गाडी लागते अन् तू तिच्या नाकासमोर टीव्ही लावून राहिली?"

मी म्हटलं, "आई कुठे बसतात गाडीत? इरासाठी आहे ते. भैताडासारखं बोलू नको, बॅटरी धर."

पण त्याचं म्हणणं खरं होतं. आईंना गाडी लागते. तुमच्याही घरात कुणाला तरी लागत असेल, पण आईंचं प्रकरण वेगळ्या प्रतीचं आहे. पहिल्या सिग्नलला चेहरा पांढरा, दुसऱ्याला हात पिशवीकडे. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, गोळ्या झाल्या... गोळीने तर त्या लग्नघरात जाऊन दिवसभर झोपूनच राहिल्या. मग एकदा भाच्याच्या नव्या कोऱ्या गाडीत जे व्हायचं ते झालं. कुणी एक शब्द बोललं नाही, भाच्याने स्वतः सीट पुसून काढली. पण आईंना इतकी शरम वाटली, की त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. मेट्रो जाते तिथे जायचं, बाकी घरी.

याची झळ बसली ती त्यांच्या धाकट्या बहिणीला. शालूमावशी आनेकलला राहायच्या. त्यांचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते, तिथेच त्यांनी घर बांधलं. जयनगरहून आनेकल म्हणजे फार लांब नाही, पण आपला ट्रॅफिक धरला तर अर्धा दिवस जातो. आधी मावशीच यायच्या, बसने, हातात कसला तरी डबा घेऊन. मग त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, वॉकर आला. त्यांचं येणं थांबलं आणि आईंचं जाणं तर आधीच थांबलेलं. सख्ख्या बहिणी, गाव जवळ, आणि वर्षानुवर्षं भेट नाही. त्यात मावशींच्या मुलाने, संदीपने, त्यांना कायमचं कॅनडाला न्यायचं ठरवलं. दिवाळीनंतरचं तिकीट होतं. आई म्हणत राहिल्या, तोवर बघू काहीतरी. बघू म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी काम काढलं. घरासमोर करंजाच्या झाडाखाली गाडी उभी असते, तिथेच. संध्याकाळपर्यंत ड्रायव्हरच्या सीटमागची स्क्रीन ब्रॅकेटवर पक्की बसली. दुसरी अजून खोक्यातच होती. वायर पुढे सरकत नव्हती म्हणून डावीकडची पुढची सीट मी अगदी डॅशबोर्डला चिकटेपर्यंत ढकलली होती, तिचे मागचे बोल्ट काढले होते, खालचं कार्पेट उचकटलं होतं. अंधार पडला म्हणून थांबले. बसवलेल्या स्क्रीनला आता फक्त वीज जोडायची राहिली होती. सकाळी अर्ध्या तासाचं काम.

सकाळी बघते तर माझी हत्यारांची पेटी रिकामी. सगळं देवघरासमोर पाटावर मांडलेलं... स्क्रू ड्रायव्हर, पाने, पकड, ड्रिल मशीन, मल्टीमीटर. प्रत्येकाला हळदकुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. शेजारी मंदारचा लॅपटॉप, इराची कंपासपेटी, स्वयंपाकघरातली विळी. आणि मधोमध, विड्याच्या पानावर, फ्यूज बॉक्समधून वीज घ्यायची ती माझी छोटी वायर. पिनेला कुंकवाचा टिळा.

"आई, ते अवजार नाही हो. तो स्क्रीनचा पार्ट आहे."

"तुझ्या पेटीत होता. मला काय कळतंय त्यातलं?" आई फुलं नीट करत म्हणाल्या. "आता पूजेला लागला. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"तिकडे सीट उघडी पडलीय."

"पडू दे स्वल्प. आज आयुधपूजा. त्यांनाही सुट्टी, तुलाही सुट्टी."

मी धुसफुसत खाली गेले. पण सणाच्या दिवशी सासूशी भांडण करण्याइतकी मी अजून इथली झाले नाहीय. गाडी धुतली, समोर केळीचे खुंट बांधले, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मंदारने गाडी पुढे घेऊन ती चिरडली. आईंनी बॉनेटला, स्टिअरिंगला आणि त्या बंद काळ्या स्क्रीनच्या कडेलासुद्धा कुंकू लावलं. झाली पूजा.

आम्ही जेवायला बसलो आणि संदीपचा फोन आला. विमान कंपनीने वेळापत्रक बदललं होतं, आता मिळतंय ते तिकीट घेतलं, उद्या पहाटे आनेकलहून निघायचं. जयनगरला थांबणं जमणार नव्हतं. खुबा असा, की एकदा गाडीत आडवं केलं की विमानतळापर्यंत मधे उतरवायला नको.

आईंनी फोन ठेवला. पानावर वाढलेला भात परत पातेल्यात घातला. मी काहीतरी धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "आई, संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावू. मोठ्या टीव्हीवर लावते, समोर बसल्यासारख्या दिसतील."

आई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "व्हिडिओवर तिच्या डोक्याला तेल घालता येतं का?"

त्याचा अर्थ मला नंतर मंदारने सांगितला. या दोघी भेटल्या की आधी चहा नाही, पाणी नाही. मोठीने धाकटीला पुढ्यात बसवायचं आणि डोक्याला तेल घालायचं. त्यांची आई लहानपणीच वारली, तेव्हापासूनची ती पद्धत. सुना आल्या, नातवंडं झाली, तरी भेट म्हणजे तेच.

आई आत गेल्या आणि साडी बदलून बाहेर आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली तेलाची बाटली, टॉवेल, दोन लिंबं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा जुडगा. "चला."

मंदार म्हणाला, "आई, नक्की ना?"

"उलटीने कुणी मरत नाही. चला म्हणते ना."

टॅक्सी बघितली. पण टॅक्सीवाल्यांचीही आयुधपूजा, ॲपवर एक गाडी मिळेना. म्हणजे आमचीच गाडी. आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढची सीट मात्र मी खोलून ठेवलेली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आई, एक पाना उचलते, दोन बोल्ट लावते, लगेच परत ठेवते."

त्यांनी देवघराकडे बघितलं. "नको. अर्धी पूजा मोडून शालीकडे जायचं नाही. बसते मी मागं."

इराला खालच्या शेजाऱ्यांकडे दसऱ्याच्या बाहुल्यांच्या मांडणीत सोडलं आणि आम्ही निघालो. मंदार गाडी चालवतोय, त्याच्या मागे आई, त्यांच्या डावीकडे मी, पायाखाली वायरीचं भेंडोळं. आईंच्या अगदी समोर ती स्क्रीन. काळी, बंद, मागची वायरीची जागा रिकामी. मी ती कापडाने झाकायला निघाले होते, तर आई म्हणाल्या, राहू दे, मी डोळे मिटूनच बसणार आहे.

त्या दिवशीचे इथले रस्ते ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. जागोजाग गाड्यांची दृष्ट काढून फोडलेले कोहळे, कुंकवाने लाल झालेले, चाकांखाली येऊन सगळीकडे बुळबुळीत. बन्नेरघट्टा रोडवर मेट्रोच्या खांबांमधून गाडी दोन हात पुढे जायची आणि थांबायची. सुट्टीचं सगळं गाव बन्नेरघट्ट्याच्या उद्यानात प्राणी बघायला निघालेलं. पहिली पिशवी गोट्टिगेरेच्या आधीच भरली. मग दुसरी. पोटात काही नव्हतं तरी थांबेना. त्यांचे हात गार पडले. मी एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने त्यांची पाठ धरून बसले होते.

मंदारने आरशातून बघितलं. "वृषाली, हे काही खरं नाही. हिचं बीपी खाली जाईल."

मी म्हटलं, "फिरव गाडी."

आई यावर भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसते डोळे उघडले आणि मांडीवरच्या बाटलीकडे बघत राहिल्या. डोळ्यातून पाणी चाललं होतं, ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. बाईच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण आजच्या दिवशी करू शकत नाही, आणि तिला पुढे बसता आलं नाही ते माझ्यामुळे. मंदारने यू-टर्नसाठी इंडिकेटर दिला.

तेव्हा आईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

आधी मला वाटलं, ऊन आलं. पण आभाळ भरलेलं होतं. मी समोर बघितलं, तर स्क्रीन सुरू झाली होती. कंपनीचं नाव नाही, मेनू नाही, आवाज नाही. आधी नुसती राखाडी, मग चित्र. रस्ता दिसत होता. आम्ही होतो तोच रस्ता. समोर केळीचे खुंट बांधलेला जो लॉरीचा मागचा भाग काचेतून मला दिसत होता, तोच स्क्रीनवर. पण खालून, स्कूटरवर बसल्यावर दिसतो तेवढ्या उंचीवरून. आणि चित्राच्या उजव्या कडेला कुणाचा तरी खांदा. राखाडी स्वेटर, त्याच्या आतून आलेली पांढरी कॉलर, मानेवरचे बारीक पांढरे केस आणि लांब पाळीचा एक कान.

मी म्हणत नाही की ते अण्णा होते. काय दिसलं तेवढंच सांगतेय. चेहरा एकदाही वळला नाही. पण त्या घरात मी इतकी वर्षं जेवायला त्यांच्या शेजारी बसलेय. तो कान मी ओळखते.

"मंदार, वळू नको," आई म्हणाल्या. आवाज साफ. "सरळ घे."

"आई, अगं—"

"सरळ घे म्हणते ना."

त्याने इंडिकेटर बंद केला. मग म्हणाला, "आणि मागे काय लावलंय तुम्ही? मोबाइल बंद कर वृषाली, तिला अजून मळमळेल." त्याला आरशात आईंच्या तोंडावरचा उजेड दिसत होता. माझा मोबाइल पर्समध्ये होता.

आईंनी तोंड पुसलं. मग त्यांनी गुडघे डावीकडे, माझ्या बाजूला वळवले, पदर नीट घेतला आणि उजवा हात वर करून मंदारच्या सीटच्या खांद्यावर ठेवला. साडीतली बाई स्कूटरवर बसते तशा बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं... या बाईला मोटार लागते, बस लागते, पण अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून त्या म्हैसूरपर्यंत गेलेल्या आहेत. फोटो आहेत घरात. त्या गाडीवर त्यांना कधी काही झालं नाही.

चित्र स्कूटरसारखंच डुलत होतं. खड्डा आला की जरा उचलायचं, वळणावर कलायचं. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ते आमच्या थोडं पुढे होतं. फार नाही, एखादा श्वास घेऊन सोडावा इतकं. स्क्रीनवर ब्रेक लागायचा आणि मग मंदार ब्रेक दाबायचा. आईंचं अंग आधीच सावरलेलं असायचं. मी मात्र प्रत्येक वेळी पुढे फेकली जात होते.

जिगणीच्या अलीकडे एक आंधळं वळण आहे. त्याच्या आधीच आई म्हणाल्या, "मंदार, पुढं कोहळा पडलाय. हळू घे, डावीकडून."

"कुठे?"

"वळून."

त्याने वेग कमी केला, बहुतेक आईला वाईट वाटू नये म्हणूनच. वळलो, तर रस्त्याच्या मधोमध कोहळ्याचा लगदा आणि त्यावर घसरून पडलेली एक मोटरसायकल. तो माणूस नुकताच उठून गुडघा झटकत होता. आम्ही डावीकडून गेलो. मंदारचे कान लाल झाले होते. तो घाबरला की होतात.

फोटो का नाही काढला, हे तुम्ही विचारणारच. काढायला गेले होते. हात पर्समध्ये गेला, तेव्हा आईंनी समोरची नजर न काढता डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "गप्प बस स्वल्प. रस्ता बघू दे." मी मोबाइल पर्समध्येच राहू दिला. खरं सांगायचं तर मलाही तो रस्ता बघायचा होता. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. जिगणीच्या कारखान्यांसमोर धुऊन, हार घालून उभ्या केलेल्या लॉऱ्या त्या चित्रात एकामागून एक जात होत्या, आणि आई मधेच कुठेतरी बघून हसत होत्या. इतकं शांत मला कुठल्याच प्रवासात वाटलेलं नाही.

मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी चित्राचा वेग कमी झाला. मग ते किंचित डावीकडे कललं, स्कूटर थांबवून पाय टेकल्यावर कलते ना, तसं. आणि स्क्रीन काळी झाली.

मावशी दारासमोरच्या खाटेवर बसल्या होत्या, भोवती बांधलेल्या बॅगा. आईंना चालत येताना बघून त्यांचा हात तोंडावर गेला. "अक्का... कशी आलीस गं?"

"यांच्या मागं बसून आले," आई म्हणाल्या.

आता कुणीही म्हणेल, म्हातारं माणूस, काहीतरी बोलून गेलं. पण मावशींनी मान डोलावली. त्यांचं डोकं अजून संदीपपेक्षा बरं चालतं. म्हणाल्या, "मग भाऊजी नेहमीसारखे बाहेरच थांबले असतील. सरी, तू ये आत." मंदार आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मग दोघींनी आम्हाला विचारलंच नाही. मावशींना खाटेवर पाठमोरं करून आई मागे बसल्या आणि बाटली उघडली. मावशींचे केस आता मूठभरच राहिलेत. आईंनी ते विंचरले, भांग पाडून तेल जिरवलं आणि बारीकशी वेणी घातली. तोवर दोघींचं बोलणं चाललेलं, अर्धं कानडीत, कुणाकुणाची नक्कल करत. मधेच मावशी इतक्या हसल्या की संदीप आतून धावत आला. त्याला वाटलं, आई पडली. नंतर आईंनी दोन वेळा घेऊन चित्रान्न, म्हणजे इथला लिंबाचा भात, खाल्लं. निघताना रडारड होईल अशी मी मनाची तयारी केली होती. तसं काही झालं नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर."

येताना स्क्रीन सुरू झाली नाही. मी सारखी तिच्याकडे बघत होते. आणि आईंना नेहमीसारखीच गाडी लागली, चित्रान्नासकट. पूर्ण रस्ता मी पिशव्या धरल्या, कपाळ धरलं, लिंबू दिलं. दोन उलट्यांच्या मधे त्या मला मावशींनी लहानपणी केलेल्या चोऱ्या सांगत होत्या आणि हसत होत्या. मंदार पुढून म्हणाला, "आई, आधी श्वास घे गं, मग सांग."

घरी आल्यावर चप्पल न काढता मी देवघरात गेले. वायर पानावर जशीच्या तशी होती, पिनेवरचं कुंकू वाळलेलं.

आता माझ्या धंद्याचं बोलते. उत्तरपूजा झाल्यावर मी ती स्क्रीन उघडली. आत बॅटरी नाही. कसलीही साठवण नाही, जिच्यावर ती चार मिनिटंसुद्धा चालेल. आमच्या गाडीला पुढे कॅमेरा नाही, डॅशकॅम नाही. माझा एक सहकारी म्हणाला, शेजारच्या कुणाच्या तरी गाडीचा सिग्नल पकडला असेल. पकडला असेल बाबा, पण कशावर? विजेशिवाय? आणि तो सिग्नल आमच्या पुढे कसा? कुणी म्हणालं, ताणाखाली माणसाला भास होतात. मला झाला असेल. मग आरशातला उजेड मंदारला कसा दिसला, आणि कोहळा आईंना कसा दिसला? आईंना मळमळलं का नाही, तेवढं मात्र मी सांगू शकते. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण पुढे काय येतंय ते त्याला आधी कळतं. त्या दिवशी आईंना आधी कळत होतं. कोण कळवत होतं, ते मला माहीत नाही.

नंतर मी दोन्ही स्क्रीन रीतसर जोडल्या. उत्तम चालतात. इरा नागपूरपर्यंत कार्टून बघत गेली, एकदाही ‘अजून किती’ नाही. आई रेल्वेने आल्या. त्यानंतर मी कितीतरी वेळा ती वायर मुद्दाम काढून, मागे बसून, मंदारला बन्नेरघट्टा रोडवर फिरवलंय. काही होत नाही. काळ्या काचेत माझंच तोंड दिसतं. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा. वायरिंगवर शंका मात्र घेऊ नका, ते मी तपासलंय.

आईंशी या विषयावर मी मुद्दामच बोलले नव्हते. थंडीत अवरेकाळूचे, म्हणजे इथल्या पावट्याचे दिवस आले. मावशींशी फोन झाला होता, तिकडे बर्फ पडलाय, त्यांना नवी टोपी मिळालीय, असं सगळं ऐकून आई खुशीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मला राहवेना. म्हटलं, "आई, एक विचारू? जाताना दिसलं ते येताना का नाही दिसलं? येतानाही तुम्हाला किती त्रास झाला."

त्यांनी सोललेली मूठ परातीत टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फारच सोपं काहीतरी विचारलंय.

"अगं, ते मला शालीकडं पोचवायला आले होते," त्या म्हणाल्या. "परत आणायला तू होतीस की."